संगणक बिघडला की वीज बिघडली?

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पारगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. जुन्या महसुली रचनेतील ‘तर्फ’ या विभागाची खूण त्यांच्या नावांना अद्याप चिकटून राहिली आहे. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आणि पारगाव तर्फे मढ, तर आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. या शेवटच्या पारगावच्या हद्दीत दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. घोड आणि कुकडी या नद्यांच्या पाण्यावर हा टापू बागायती झाला. ऊस, कांदा, बटाटा, भाजीपाला यांनी शिवार भरले आणि त्याबरोबरच विहिरी, बंधारे व नदीकाठ विजेच्या मोटारींनी गजबजून गेले.

याच गावांत गेल्या दोन तपांत आणखी एक यंत्र आले, ते म्हणजे संगणक. २००१ साली ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तो तालुक्याच्या गावांतून वाड्यावस्त्यांवरील घरांत पोहोचला. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पातून तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आला आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’च्या कामाचा तो आधार झाला. दाखले, उतारे, करआकारणी, शाळेची पटनोंदणी, विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज हे सर्व आज त्याच्यावर अवलंबून आहे. म्हणून संगणक बंद पडणे ही केवळ एका घरापुरती गैरसोय राहिलेली नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो बंद पडला, तर त्याची झळ एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षाला किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या अनुदानाला लागू शकते.

अनुभव असा की, संगणक बंद पडला म्हणजे ‘बोर्ड गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि मोठा खर्च अंगावर घेतला जातो. पुष्कळदा दोष संगणकात नसून त्याला मिळणाऱ्या विजेत, किंवा त्या विजेचे रूपांतर करणाऱ्या एका लहानशा पेटीत असतो. हा दोष क्रमाने कसा शोधावा, त्यात कोणती दक्षता घ्यावी आणि कोणता भाग जाणकाराकडे सोपवावा, याचा विचार या लेखात केला आहे.

गावची वीज आणि संगणकाची गरज

गावातील रोहित्र, म्हणजे आपल्या बोलीतील ‘डीपी’, अकरा हजार व्होल्टचा दाब सुमारे ४३३ व्होल्टवर आणते. हा दाब दोन फेजमधला होय. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यातील दाब त्यामुळे रोहित्रापाशी सुमारे २५० व्होल्ट भरतो. वाटेतील तारांत थोडा दाब खर्च होऊन घरापर्यंत २३० व्होल्टच्या आसपास पोहोचावा, अशी ही योजना आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाबाच्या ग्राहकासाठी ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक चढउतार नसावा, असे म्हटले होते. २३० व्होल्ट धरल्यास ही मर्यादा साधारण २१६ ते २४४ व्होल्ट येते.

आता शेतावरील स्थिती पाहू. पाच अश्वशक्तीची एक मोटार चालू असताना प्रत्येक फेजवर सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. एका डीपीवर अशा दहा मोटारी एकदम चालल्या, तर प्रवाह ७५ अँपिअर होतो. तारेचा विरोध दर किलोमीटरला सुमारे एक ओहम धरला आणि या मोटारी अर्ध्या किलोमीटरवर असल्या, तर केवळ तारेतच सुमारे ३७ व्होल्ट खर्च होतात. रोहित्रापाशी २५० असलेला दाब वाहिनीच्या टोकाला २१३ वर येतो. मोटारी आणखी दूर असतील, किंवा त्या सुरू होत असतील, तर तो याहूनही खाली जातो, कारण सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. उलट शेतीचा पुरवठा बंद झाला की सर्व मोटारी एकदम थांबतात आणि त्याच डीपीवरील घरांत दाब उसळी घेतो.

गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम राज्यात झाले आहे. मात्र जी घरे मळ्यात आहेत आणि ज्यांना शेतीपंपांच्याच रोहित्रावरून जोडणी आहे, त्यांना हा चढउतार रोजच सोसावा लागतो. जुन्नर-आंबेगाव भागात बिबट्याच्या भीतीमुळे रात्री पाणी देणे धोक्याचे झाले असून शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मागणी जोर धरून आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच दिशेने जाणारी आहे. शेतीच्या विजेची वेळ बदलली की घरातील दाबाचीही वेळ बदलते, एवढे येथे लक्षात ठेवावे.

पेटीच्या आत काय घडते

टेबलावरील संगणकाच्या मागच्या बाजूस, जेथे विजेची तार खोचली जाते, तेथे एक धातूची पेटी असते. तिला व्यवहारात ‘एसएमपीएस’ म्हणतात. ही पेटी २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचे प्रथम सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते. नंतर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एका लहान रोहित्रातून नेते आणि शेवटी १२, ५ व ३.३ व्होल्ट असे सौम्य दाब तयार करते. आज सर्वत्र दिसणारी ‘एटीएक्स’ ही रचना १९९५ सालची आहे.

या रचनेतील दोन गोष्टी निदानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, पेटीत साठलेल्या ऊर्जेवर संगणक फार तर १६ ते २० सहस्रांश सेकंद तग धरतो. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते. म्हणजे एक-दोन आवर्तने चुकली, दिवा क्षणभर लुकलुकला, तरी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. पंखा मात्र फिरतच राहतो. म्हणून ‘लाईट गेलीच नव्हती’ ही साक्ष पुरेशी मानू नये.

दुसरी गोष्ट अशी की, कमी दाबावरही ही पेटी आपले काम रेटत राहते. त्यासाठी ती अधिक प्रवाह ओढते. २०० वॉटचा भार २३० व्होल्टवर ०.८७ अँपिअर घेतो, तर १८० व्होल्टवर १.१ अँपिअर. अधिक प्रवाहाने पेटी अधिक तापते. तिच्यातील विद्युतसंचयकांचे, म्हणजे कपॅसिटरांचे, आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. त्यात पंख्यावर धुळीचा थर चढलेला असेल, तर ही झीज आणखी वेगाने होते. कमी दाबाने संगणक त्या दिवशी जळत नाही, पण त्याचे आयुष्य झिजत जाते.

निदानाचा क्रम

वैद्य जसा लक्षणांवरून रोगाकडे जातो, तसेच येथेही करावे. बाहेरून आत, स्वस्त भागाकडून महाग भागाकडे, हा नियम पाळावा.

१. संगणक पूर्णपणे मृतवत असेल, तर प्रथम त्याच सॉकेटमध्ये दिवा लावून पाहावा. त्यानंतर यूपीएस बाजूला ठेवून, दाब ठीक असल्याची खात्री करून, संगणक सरळ सॉकेटला जोडून पाहावा. मागचा खटका चालू आहे का, तार घट्ट बसली आहे का, हेही तपासावे. तार बदलून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी होय. काही जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असा निवडीचा लाल खटका असतो. तो कोणत्याही कारणाने ११५ वर सरकवू नये. तसे केल्यास २३० व्होल्टवर पेटी तत्काळ जळते.

२. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर पेटी आपले संरक्षण करीत आहे असे समजावे. वीज काढून प्रिंटर, बाहेरच्या जोडण्या, जादा डिस्क अशा एकेक गोष्टी सोडवाव्यात आणि दर वेळी पुन्हा पाहावे. ज्या जोडणीनंतर दोष परत येतो, तेथे तो आहे.

३. संगणक चालतो पण मध्येच पुन्हा सुरू होतो, असे असेल तर त्याची वेळ लिहून ठेवावी. हे ठरावीक वेळी घडते का, शेजारची पिठाची गिरणी किंवा मोटार सुरू होताना घडते का, की जड काम दिल्यावरच घडते? पहिल्या दोन बाबतींत संशय बाहेरच्या विजेवर, तिसऱ्या बाबतीत पेटीच्या क्षीणतेवर किंवा उष्णतेवर जातो. संगणकाच्या स्वतःच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद आढळल्यास तेवढ्यावरून पेटी दोषी ठरवू नये. संगणक नीट बंद न होता थांबला, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

४. तारीख आणि वेळ दर वेळी मागे जात असेल, तर मुख्य विजेचा काही दोष नाही. बोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली आहे. ती अगदी थोड्या खर्चात बदलता येते.

५. वरील सर्व पाहूनही उलगडा न झाल्यास मल्टिमीटरने मोजमाप करावे. हे काम माहीतगारानेच करावे. येथे सर्व मोजमापे पेटीतून बाहेर येणाऱ्या तारांच्या सौम्य दाबाचीच आहेत. पेटी उघडावयाची नाही. काळी तार सर्व मोजमापांचा पाया होय. संगणक बंद, पण वीज जोडलेली असताना जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते नसतील, तर वीज पेटीपर्यंत येत नाही किंवा पेटीच गेली आहे. ते असतील, तर हिरवी तार पाहावी. सुरू करण्याचे बटण दाबताच तिच्यावरील दाब शून्याजवळ आला पाहिजे. तो न आल्यास दोष बटणात किंवा बोर्डात आहे. तो आला, पण पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट उमटले नाहीत, तर पेटी निकामी आहे किंवा पुढे कोठेतरी दोन तारा एकमेकींना भिडल्या आहेत.

चालू स्थितीत पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर सुमारे ३.१४ ते ३.४७ व्होल्ट असावेत, म्हणजे पाच टक्क्यांची सूट. करड्या तारेवर अर्ध्या सेकंदाच्या आत सुमारे ५ व्होल्ट यावेत. ‘सर्व दाब ठीक आहेत’ असा पेटीने बोर्डाला दिलेला तो संकेत होय. काही नव्या पेट्यांच्या सर्व तारा काळ्याच असतात आणि काही कंपन्यांची जोडणी वेगळी असते. तेथे रंगांवर विसंबू नये.

६. अंतिम निर्णयाची कसोटी अदलाबदलीची आहे. चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी पेटी जोडून पाहावी. संगणक चालला, तर बोर्ड वाचला. मोठ्या खर्चाला मान्यता देण्यापूर्वी ही कसोटी झाली आहे का, असे दुरुस्तीकाराला विचारणे हा प्रत्येक ग्राहकाचा आणि ग्रामपंचायतीचा हक्क आहे.

एक सूचना निक्षून द्यावयाची आहे. एसएमपीएसची पेटी घरी, शाळेत किंवा कार्यालयात कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब काही काळ साठून राहतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. ती पेटी संपूर्ण बदलणे हाच मार्ग.

झिणझिण्या आणि अर्थिंग

संगणकाच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की उजळतो, ही तक्रार खेड्यांत फार आढळते. याचे कारण बहुधा असे असते. पेटीच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर फेज व न्यूट्रल यांच्यापासून धातूच्या कवचाला जोडलेले असतात. विजेतील खरखर जमिनीत सोडणे हे त्यांचे काम. अर्थिंग नसेल, तर जमिनीत जाण्यास वाट न मिळाल्याने कवचावर निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब उभा राहतो. त्यातून प्रवाह अत्यल्प वाहतो, म्हणून केवळ झिणझिण्या येतात. संगणक बदलून हा दोष जात नाही. खरी तक्रार अर्थिंगची आहे. आज झिणझिण्या देणारे हेच कवच, उद्या आतील एखादी तार त्याला भिडल्यास, पूर्ण दाबाचा झटका देईल.

जाणकार वायरमनकडून सॉकेटवर तीन मोजमापे करून घ्यावीत. फेज व न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज व अर्थ यांच्यातही जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टहून अधिक नाही, असे आकडे यावेत. काही ठिकाणी सोय म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या छिद्राला जोडलेली आढळते. ही सोय जीवघेणी आहे. खांबापासून घरापर्यंतच्या वाटेत न्यूट्रल तुटला, तर संगणकाचे, फ्रिजचे, मिक्सरचे कवच थेट २३० व्होल्टवर येते. अर्थिंगसाठी स्वतंत्र खड्डा, त्यात कोळसा व मीठ यांचे थर आणि उन्हाळ्यात नियमित पाणी, ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक खटका बसवल्यास माणसाचा जीव वाचतो. शाळेच्या संगणक कक्षात तर तो असलाच पाहिजे.

न्यूट्रल तुटल्याची खूण

डीपीवर किंवा खांबावर मुख्य न्यूट्रल तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे एकमेकांच्या मालिकेत सापडतात. ज्या घरात भार कमी, तेथे दाब ३०० व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. याची खूण ओळखण्यास सोपी आहे. काही घरांतील दिवे एकाएकी प्रखर होतात आणि त्याच वेळी दुसऱ्या घरांतील मंदावतात. हे दिसताच मुख्य खटका बंद करावा, शेजाऱ्यांना तसे करण्यास सांगावे आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एका आळीतील दूरदर्शन संच, फ्रिज, संगणक एकाच रात्री जळाल्याच्या घटनांमागे पुष्कळदा हे कारण असते.

खांबावरील सैल जोड हेही चढउताराचे एक कारण आहे. तेथे ठिणग्या उडतात, दिवे लुकलुकतात आणि रेडिओत खरखर येते. नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीला, जिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, विद्युतवाहिन्यांवरील अशा ठिणग्यांचा उपद्रव होतो. अवकाशातून येणारे अतिक्षीण संकेत त्या खरखरीत झाकले जातात. सैल जोड वेळीच आवळला, तर शास्त्रज्ञाची दुर्बीण आणि शाळेचा संगणक या दोघांचाही लाभ होतो.

संरक्षणाची साधने

स्टॅबिलायझर दाब सावरतो, पण वीज गेल्यावर उपयोगी पडत नाही. यूपीएस वीज गेल्यावर काही सहस्रांश सेकंदांत बॅटरीवर जाते आणि संगणक तग धरतो. नेहमीच्या ६०० व्होल्ट-अँपिअरच्या यूपीएसची क्षमता सुमारे ३६० वॉट असते आणि तिच्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. हिशेबाने ८४ वॉट-तास होतात, पण जलद वापरात त्यातील निम्मेच हाती लागतात. १२० वॉटच्या संगणकाला त्यावर वीस मिनिटे मिळतात. ती काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहेत, काम चालू ठेवण्यासाठी नव्हेत. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही जोडू नये. त्याची तापपट्टी क्षणात मोठा प्रवाह ओढते. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. ती तरतूद अंदाजपत्रकात आधीच करावी. नवीन खरेदी करावयाची असल्यास चढउताराच्या ठिकाणी लॅपटॉप अधिक सोयीचा, कारण त्याची बॅटरी हीच त्याची यूपीएस असते.

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की खटका बंद करणे पुरेसे नाही. तार सॉकेटमधून काढावी, तशीच इंटरनेटची धातूची तारही काढावी. पुष्कळदा आघात त्या वाटेने येतो.

नोंदवही हेच साधन

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. तिच्याकडे ‘दाब कमी आहे’ अशी मोघम तक्रार करण्यापेक्षा आकडे दिल्यास काम लवकर होते. शाळेने किंवा ग्रामपंचायतीने सात दिवस सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री नऊ वाजता दाबाची नोंद करावी. त्यासाठी सॉकेटमध्ये खोचावयाचे साधे दाबमापक पुरेसे आहे. पस्तीस आकड्यांचा तो तक्ता अर्जास जोडला, की फेजवरील भार समान वाटणे, सैल जोड आवळणे, तार बदलणे किंवा वेगळे रोहित्र देणे यांपैकी कोणता उपाय हवा, हे अभियंत्याला ठरवता येते.

हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची दिशा याच परिसराला दाखवून दिली आहे. आठवीच्या वर्गाने गावातील दाबाचा आलेख काढला, तर ओहमचा नियम पुस्तकातून शिवारात येईल आणि ग्रामसभेला एक उपयुक्त कागद मिळेल. मात्र मुलांनी केवळ मापकावरील आकडा वाचावा. सॉकेट उघडण्याचे काम मोठ्यांचे.

संगणकातील नोंदी आता गावाच्या दप्तराइतक्याच मोलाच्या झाल्या आहेत. काम चालू असताना वीज गेली, तर लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहते आणि कधी पूर्ण डिस्क वाचेनाशी होते. तेव्हा दर आठवड्याला नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पेटी जळाली, तर नवी मिळते. बोर्ड गेला, तरी तोही मिळतो. गेलेली नोंद मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. अर्थिंगचा एक खड्डा, एक गळतीरोधक खटका, एक दाबमापक आणि एक नोंदवही, एवढी तयारी कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ती पूर्ण करणे सर्वांच्याच हिताचे ठरेल.